ओढा, हौद आणि पेठ

‘सदाशिव पेठी’ हे मराठीतले एक गमतीदार विशेषण आहे. काटकसर, नेमके बोलणे, दुपारची झोप, दारावरची पाटी, असे बरेच काही त्यात येते. हा स्वभाव कोठून आला असे विचारले, तर कोणी हसत म्हणतो, ‘‘तिथल्या पाण्यातच काहीतरी आहे!’’ हे बोलणे थट्टेचे असले तरी त्यामागचा विचार फार जुना आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या एका ग्रीक वैद्यकीय ग्रंथाचा विषयच हवा, पाणी आणि स्थळे हा आहे. माणसांचे रोग, शरीरयष्टी आणि स्वभावही या तीन गोष्टींवरून ठरतात, असे त्यात मांडले आहे. १७४८ साली फ्रेंच विचारवंत मॉन्तेस्क्यू याने कायदे आणि राज्यपद्धती यांचा संबंध हवामानाशी जोडला. १९१५ मध्ये एल्सवर्थ हंटिंग्टन या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने समशीतोष्ण हवेतली माणसे अधिक कर्तबगार असतात असे सांगणारे पुस्तक लिहिले. ज्या देशांनी अर्धे जग ताब्यात घेतले होते, त्यांना हा सिद्धान्त अर्थातच सोयीचा होता. आमचे राज्य बंदुकीमुळे आलेले नाही, हवेमुळे आले आहे, असे त्यांना म्हणता येत होते.

आपल्या शालेय पुस्तकांतही या विचाराची एक साधी आवृत्ती असते. ‘नद्यांच्या काठी सुपीक जमीन होती, म्हणून तेथे संस्कृती उदयास आल्या’ हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. वाक्य खोटे नाही. पण त्यातल्या ‘म्हणून’ या शब्दात बरेच काही लपून राहते. सुपीक काठ असलेल्या सगळ्याच नद्यांवर मोठी नगरे उभी राहिली नाहीत. जेथे उभी राहिली, तेथेही ती नदी वाहू लागल्यानंतर हजारो वर्षांनी उभी राहिली. मग भूगोल समाजाला घडवतो म्हणजे नेमके काय करतो?

याचे उत्तर नाईल किंवा सिंधूच्या काठी शोधण्याऐवजी आम्ही ते पुण्याच्या सदाशिव पेठेत शोधायचे ठरवले. जागा लहान असली की कारणे आणि परिणाम नीट वेगळे करून पाहता येतात.

खडक आणि पाऊस

प्रथम भूगोलाची बाजू पाहू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेला वसलेले आहे. खाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांत लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि त्यांतून दख्खनचे पठार तयार झाले. या खडकात वाळूच्या प्रदेशासारखे पाणी मुरत नाही. वरचा मुरूम, थरांमधला झिजलेला मांजऱ्या खडक आणि भेगा एवढ्याच ठिकाणी ते साठते. त्यामुळे येथली विहीर पावसाळ्यानंतर भरलेली दिसली तरी चैत्र-वैशाखात तळ गाठू शकते. एका वाड्याच्या विहिरीला भरपूर पाणी आणि शेजारच्या वाड्याची विहीर कोरडी, असेही घडते.

दुसरी गोष्ट पावसाची. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडून वर चढतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तेथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात तो ७०० ते ७५० मिलिमीटरवर येतो आणि आणखी पूर्वेला शिरूर, दौंडकडे ५०० मिलिमीटरच्या आसपास उतरतो. म्हणजे पुणे पर्जन्यछायेच्या उंबरठ्यावर आहे. येथे पडणारा पाऊस एकट्याने मोठ्या वस्तीला पुरणारा नाही. पण भरपूर पावसाचे डोंगर पश्चिमेला दिसतील एवढे जवळ आहेत आणि तिकडून येणाऱ्या मुळा व मुठा या नद्यांचा येथे संगम होतो. पाणी जवळ आहे पण हाताशी नाही, अशी ही जागा आहे.

पाऊस घटतो तेव्हा

भूगोलच सारे ठरवतो असे म्हणणाऱ्यांची बाजू आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात सर्वांत भक्कम दिसते. ते गाव म्हणजे पुण्याच्या पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर घोड नदीच्या काठी असलेले इनामगाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढची अनेक वर्षे येथे उत्खनन केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. सुरुवातीच्या आणि मधल्या काळात त्यांची घरे मोठी, चौकोनी होती. ते गहू, सातू पिकवत होते. पुराचे पाणी शेतीकडे वळवण्यासाठी त्यांनी पाट खणला होता आणि त्याच्या कडेने बांध घातला होता. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र बदलते. चौकोनी घरांच्या जागी लहान, गोल झोपड्या येतात. शेती मागे पडते आणि शिकारीवरचा भर वाढतो. शेवटी वस्ती उठून जाते. पाऊसमान घटल्याने हे घडले, अशी मांडणी ढवळीकरांनी केली.

येथे हवामानाने समाज बदलला हे उघड दिसते. पण जरा थांबून पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. या प्रदेशातली याच संस्कृतीची बहुतेक गावे आधीच ओस पडली असताना इनामगाव पुढे तीनेकशे वर्षे टिकले. पाऊस सगळ्यांचाच घटला होता. तेव्हा कोणाकडे काय साधने होती आणि गावाने आपली व्यवस्था कशी लावली होती, यालाही महत्त्व होते. इनामगावात गावप्रमुखाचे म्हणून ओळखले गेलेले पाच खोल्यांचे घर सापडले आहे आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार आहे. दुष्काळात धान्य कोणाच्या दाराशी होते, याचे उत्तर पर्जन्यमापकात सापडत नाही.

हजार वर्षे तोच भूगोल

आता पुण्याकडे वळू. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इसवी सन ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत ‘पुण्य’ आणि ‘पुनक’ या विषयांचा, म्हणजे प्रदेशविभागांचा, उल्लेख आहे. पाताळेश्वराचे लेणेही साधारण त्याच काळातले. घाटवाटाही जुन्या आहेत. बोरघाटाच्या माथ्याशी कार्ले आणि भाजे, नाणेघाटाच्या माथ्यापलीकडे जुन्नर, अशी लेणी व्यापारी मार्गांना धरून कोरलेली आहेत, याकडे दामोदर कोसंबी यांनी लक्ष वेधले. पुण्यात राहून, आसपासच्या टेकड्या पायी हिंडून त्यांनी या वाटांचा अभ्यास केला होता.

म्हणजे नदी होती, संगम होता, समुद्राकडे जाणाऱ्या वाटा होत्या. तरीही सुमारे हजार वर्षे पुणे हे एक कसब्याचे गाव राहिले. मुठेच्या उजव्या तीरावर, पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला आंबील ओढा यांच्यामध्ये ते मावत होते. ओढे गावाला पाणी देत आणि गावाची हद्दही सांगत. सतराव्या शतकात ते उद्ध्वस्त झाले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत पुन्हा वसले, तेव्हाही त्याचे महानगर झाले नाही.

बदल झाला तो १७३० च्या सुमारास. पहिल्या बाजीरावाने आपले बिऱ्हाड पुण्याला आणले. १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याची पायाभरणी झाली. त्या वर्षी पाऊस वाढला नव्हता की नदीने पात्र बदलले नव्हते. सत्तेचे केंद्र येथे आले. त्याच्या मागोमाग कारकून, सावकार, शिलेदार, कारागीर, भिक्षुक, विद्यार्थी आले. जी जागा एका गावाला पुरेशी होती ती राजधानीला अपुरी पडू लागली. विहिरी उन्हाळ्यात आटणे हा जुनाच भूगोल होता. तो संकट ठरला, कारण आता पाणी पिणारी तोंडे वाढली होती.

भूगोलाने पुण्याचे शहर केले नाही. शहर झाल्यावर मात्र भूगोलाने पुण्यापुढे दोन प्रश्न ठेवले. वाढत्या वस्तीला जागा कोठून आणायची, आणि पाणी कोठून?

ओढा वळवला

जागेच्या आड आंबील ओढा येत होता. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा हा ओढा पर्वतीच्या बाजूने गावाकडे येई आणि शनिवारवाड्याच्या जवळून मुठेला मिळे. ओढा म्हटला की उन्हाळ्यात कोरडा आणि पावसाळ्यात अनावर. कात्रजच्या डोंगरात एक जोराची सर आली की काही तासांत पाणी गावाच्या वेशीशी येणार. त्याच्या काठाशी दाट वस्ती करणे धोक्याचे होते.

अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत हा ओढा पर्वतीच्या पायथ्याशी अडवला गेला आणि त्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळवून गावाच्या बाहेरून मुठेला जोडला गेला. पर्वतीखाली तळे झाले. पुढे त्या तळ्यातल्या बेटावर गणपतीचे देऊळ उभे राहिले. ‘तळ्यातला गणपती’ हे नाव त्यामुळे पडले. विसाव्या शतकात तळे हटवून तेथे सारसबाग करण्यात आली, पण नावातले तळे तसेच राहिले.

ओढा बाजूला गेल्यामुळे गावाच्या नैर्ऋत्येची जमीन वस्तीसाठी मोकळी झाली. तेथे वाढलेल्या पेठेला पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव मिळाले. आज टिळक रस्ता, लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता ही नावे सांगून आपण सदाशिव पेठ दाखवतो. भरत नाट्य मंदिर, भारत इतिहास संशोधक मंडळ, सर परशुरामभाऊ महाविद्यालय ही तिची ओळख आहे. या साऱ्याच्या मुळाशी पाण्याचा मार्ग बदलण्याचा एक निर्णय आहे, हे मात्र आपण सहसा सांगत नाही.

कात्रजचे पाणी

दुसरा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा. मुठा जवळ होती, पण शहर तिच्या पातळीच्या वर होते. नदीचे पाणी वर चढवायचे तर माणसांची किंवा बैलांची ताकद हवी आणि उन्हाळ्यात नदीही रोडावणार. म्हणून पाणी खालून वर आणण्याऐवजी वरून खाली आणण्याचा मार्ग निवडला गेला. शहराच्या दक्षिणेला आठ-दहा किलोमीटरवर, शहरापेक्षा उंचावर असलेल्या कात्रजच्या खोऱ्यात बांध घालून तलाव करण्यात आले. तेथून दगडी बांधकामाचा भुयारी नळ शनिवारवाड्यापर्यंत आणला गेला. १७४९-५० च्या सुमारास हे काम उभे राहिले. मॉन्तेस्क्यू हवामानाचा प्रभाव सांगत होता, त्याच सुमारास पुण्यात हवामानाच्या अडचणीवर उपाय चालू होता!

येथे ‘नळ’ म्हणजे लोखंडी नळी नव्हे. आतून माणूस चालत जाऊ शकेल एवढा हा बांधीव बोगदा आहे. त्यात पाणी दाबाने ढकलले जात नाही, केवळ उतारावरून वाहते. उतार फार ठेवला तर वेगाने बांधकाम झिजते. फार कमी ठेवला तर गाळ बसून नळ तुंबतो. दोन्हींच्या मधला उतार मैलोन्‌मैल राखणे हे त्या काळच्या गवंड्यांचे आणि मोजणीदारांचे कसब होते. नळाच्या वाटेवर ठरावीक अंतरावर उंच चौकोनी मनोरे आहेत. त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. नळात कोंडणारी हवा त्यातून बाहेर पडते. आत उतरून गाळ काढायलाही त्यांचा उपयोग होई. यातले काही उच्छ्वास आजही उभे आहेत. ते कशासाठी बांधले हे मात्र शेजारून जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असते.

नळाचे पाणी शहरात हौदांमध्ये साठवले जाई. पेठ वाढली तसे पाणी पुन्हा अपुरे पडू लागले. तेव्हा नाना फडणीसांच्या पुढाकाराने नऱ्हे-आंबेगावच्या बाजूने आणखी एक नळ सदाशिव पेठेतल्या हौदापर्यंत आणला गेला. कोंढव्याकडून रास्त्यांनीही पाणी आणले. ‘फडके हौद’, ‘काळा हौद’, ‘बदामी हौद’ ही नावे आजही पुणेकरांच्या तोंडी आहेत. काही ठिकाणी हौद दिसेनासा झाला आणि थांब्याला नाव तेवढे उरले.

ज्या ठिकाणी निसर्गाने पाणी दिले नव्हते त्या ठिकाणी माणसांनी ते आणले, तेव्हा माणसाने भूगोलावर मात केली, असे म्हणून आपण येथे थांबू शकतो. पुष्कळ लेख येथेच थांबतात. पण खरा सामाजिक प्रश्न येथून पुढे सुरू होतो.

हौद कोणाचा?

डोंगर, खडक आणि उतार यांना जात कळत नाही. कात्रजहून निघालेले पाणी शहरात येईपर्यंत फक्त उतार पाहत होते. हौदात उतरल्यावर मात्र ते माणसांच्या नियमांत आले. कोणी हौदावर चढून भरायचे, कोणी दूर उभे राहून वाट पाहायची, आणि कोणी तेथे यायचेच नाही, हे ठरलेले होते. अस्पृश्य मानलेल्या जातींना सार्वजनिक म्हणवणाऱ्या हौदांवर पाणी भरता येत नव्हते. पेशवाई १८१८ मध्ये संपली, पण ही रीत संपली नाही.

१८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ते घर सदाशिव पेठेपासून फार दूर नाही, शहराच्या पूर्व भागात त्या वेळच्या गंज पेठेत होते. दोन्हीकडे खडक तोच, पाऊस तोच, उन्हाळाही तोच. शहराच्या एका भागातल्या माणसाला पाणी मिळत होते आणि दुसऱ्याला मिळत नव्हते, याचे कारण पर्जन्यछाया हे नव्हते. पाण्याची टंचाई निसर्गाने दिली होती. ती कोणाच्या वाट्याला यावी हे समाजाने ठरवले होते. सुमारे साठ वर्षांनी, १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न साऱ्या देशापुढे ठेवला. महाड कोकणात आहे. तेथे पाऊस पुण्याच्या कितीतरी पट पडतो, आणि तरीही तहान तीच होती.

पाणी आणि सत्ता

पाण्याची मोठी कामे आणि राज्यपद्धती यांचा संबंध लावण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न कार्ल विटफोगेल या इतिहासकाराने १९५७ मध्ये केला. कोरड्या प्रदेशात मोठे कालवे, बांध यांवाचून शेती होत नाही. ती कामे करायला हजारो मजूर आणि त्यांच्यावर हुकूम चालवणारी यंत्रणा लागते. म्हणून अशा प्रदेशांत एकतंत्री, जुलमी राज्ये तयार होतात, असे त्याचे म्हणणे होते. पेशव्यांचे नळ पाहिले तर हे पटण्यासारखे वाटते. सत्ता आली आणि पाणीही आले.

पण महाराष्ट्रातच याला छेद देणारे उदाहरण आहे. धुळे, नाशिक भागात पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर शेकडो वर्षांपासून ‘फड’ पद्धत चालत आली आहे. नदीवर लहान बंधारे घालून पाटाने पाणी घ्यायचे आणि लाभक्षेत्राचे फड, म्हणजे विभाग, करायचे. एका फडात एका हंगामाला एकच पीक घ्यायचे आणि पाळीने पाणी द्यायचे. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांना नेमणारे गावचेच शेतकरी. पाऊस तुटपुंजाच होता आणि पाणी वाटून घेण्याची निकडही तीच होती. तरीही तेथे जुलमी सम्राटाची गरज पडली नाही. सारख्या भौगोलिक अडचणीला दोन समाज दोन वेगळी उत्तरे देऊ शकतात. म्हणूनच विटफोगेलचे ‘म्हणून’ टिकत नाही.

१९९७ साली जॅरेड डायमंड यांनी जगाच्या इतिहासातली विषमता भूगोलातून समजावणारे पुस्तक लिहिले आणि ही चर्चा पुन्हा रंगली. कोठल्या खंडात माणसाळवता येतील अशी पिके आणि जनावरे होती, यावर पुढची वाटचाल अवलंबून होती, हे त्यांचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. विशेष म्हणजे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पना खोडून काढण्यासाठी त्यांनी भूगोलाचा आधार घेतला. पण दहा-बारा हजार वर्षांच्या आणि खंडांच्या मापाने पाहिले की हौदावरची रांग दिसत नाही. आपल्याला दोन्ही मापे हवीत.

ओढा विसरत नाही

आता कथेचा शेवटचा भाग. ओढा वळवला म्हणजे तो संपला, असे नव्हे. पाणलोट क्षेत्र तेच राहते, फक्त पाण्याची वाट दुसरीकडे जाते. अठराव्या शतकात ज्या बाहेरच्या बाजूला ओढा नेला, ती बाजू विसाव्या शतकात शहराच्या आत आली. नोकरीधंद्यासाठी आलेल्या, पेठेत घर न परवडणाऱ्या माणसांनी दांडेकर पुलाजवळ आणि ओढ्याच्या वरच्या भागात जागा मिळेल तशी घरे बांधली. पुढे ओढ्याच्या कडेने सोसायट्याही उभ्या राहिल्या आणि पात्र अरुंद होत गेले. कात्रज ते पर्वती या भागात पूर्वी शेते आणि माळ होते, तेथे पाऊस थोडा तरी जिरत असे. आता काँक्रीट आणि डांबर आहे. तेवढाच पाऊस पडला तरी ओढ्यात पूर्वीपेक्षा जास्त पाणी, पूर्वीपेक्षा लवकर येते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरात जोरदार पाऊस झाला आणि आंबील ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल या भागांत घरांत पाणी शिरले, भिंती कोसळल्या, वाहने वाहून गेली. त्या पुरात पुणे शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळची ओढ्याकाठची घरे पाडण्यात येऊ लागली, तेव्हा रहिवाशांनी विरोध केला आणि प्रकरण न्यायालयात गेले.

अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका निर्णयाने एक पेठ सुरक्षित झाली. त्या निर्णयातला धोका मात्र नाहीसा झाला नाही, तो दुसऱ्या वाटेने वाहत राहिला. नव्या वाटेवर पुढे जे राहायला आले, त्यांना त्या निर्णयाची माहितीही नव्हती. पूर्वीच्या पिढीने भूगोलाला दिलेले उत्तर पुढच्या पिढीसाठी भूगोलच होऊन बसते. ओढ्याकाठच्या मुलाला वाटते, ओढा येथूनच वाहतो आणि तो निसर्गच आहे. तो निसर्ग आहेच, पण त्यात इतिहासही मिसळलेला आहे.

नदीच्या बाबतीतही हेच झाले. मुठेवर खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले गेले आणि पुण्याचे पाणी हळूहळू तिकडून येऊ लागले. मग वरच्या अंगाला आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण झाले. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले. त्याच्या लोंढ्याने त्याच दिवशी खडकवासलाही फुटले आणि नदीकाठच्या पेठांत हाहाकार झाला. पूर ओसरल्यावर आणखी एक संकट उभे राहिले, ते पिण्याच्या पाण्याचे. सारे शहर ज्या धरणावर अवलंबून होते तेच गेले होते. तेव्हा पेठांमधल्या जुन्या विहिरी पुन्हा उपसाव्या लागल्या.

आज पुण्याला मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांच्या साखळीतून पाणी मिळते, भामा-आसखेडहूनही काही येते. खडकवासल्याचाच कालवा पुढे हवेली, दौंड, इंदापूर या तालुक्यांतल्या शेतीला जातो. उन्हाळा आला की शहराला किती आणि शेतीच्या आवर्तनाला किती, हा वाद ठरलेला असतो. घाटमाथ्यावरचा पाऊस आणि पर्जन्यछायेतली तहान यांच्यामध्ये पुणे उभे आहे. हा भूगोल राष्ट्रकूटांच्या काळीही हाच होता. वाटणी मात्र प्रत्येक पिढीला नव्याने करावी लागते.

वर्गात काय करता येईल?

इतिहास आणि भूगोल हे विषय आपण वेगवेगळ्या तासांना शिकवतो. त्यामुळे विद्यार्थ्याला एका तासाला ‘पर्जन्यछाया’ आणि दुसऱ्या तासाला ‘पेशवाई’ भेटते. दोन्हींची भेट घालून देणारा एखादा उपक्रम नववी-दहावीच्या वर्गात सहज घेता येईल.

आपल्या गावाचा किंवा शहराचा समोच्चरेषा दाखवणारा नकाशा मिळवावा. त्यावर विद्यार्थ्यांनी ओढे, नाले, तळी, विहिरी आणि जुन्या वस्त्या दाखवाव्यात. मग घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारावे: पूर्वी पाणी कोठून भरत असत? कोण भरत असे? कोणाला तेथे भरता येत नव्हते? पुराचे पाणी कोठवर आले होते? जागांच्या नावांतले ओढा, तळे, हौद, बाव, झरा हे शब्द वेचावेत आणि त्या जागी आज पाणी आहे का हे पाहावे. शेवटी नकाशावर तीन रंग वापरावेत. एक निसर्गाने केलेल्या गोष्टींना, दुसरा माणसांनी केलेल्या गोष्टींना आणि तिसरा, कोणत्या रंगात घालाव्यात हे ठरत नाही अशा गोष्टींना. वळवलेल्या ओढ्यासारख्या गोष्टी तिसऱ्या रंगात येतील.

आमचा अंदाज असा, की तिसरा रंगच सगळ्यांत जास्त लागेल. तसे झाले तर विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे: यातली प्रत्येक गोष्ट कोणाच्या सोयीसाठी झाली, आणि तिची किंमत आज कोण देते आहे? या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात नसते. ते शोधायला त्यांना ओढ्याच्या काठाकाठाने चालावे लागेल. पावसाळ्याआधी चालले तर बरे.